वाचकांचे प्रश्न : दंगलीच्या आधीचे दिवस

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच चिंतेतून लिहिलेली आहेत. वर्षानुवर्षे एकाच गावात, एकाच आळीत राहणारी माणसे एके दिवशी एकमेकांच्या जिवावर का उठतात आणि ते वेळीच रोखता येते का, हा प्रश्न त्या साऱ्यांत आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नववी-दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. दंगलीचा विषय निघाला की मुले म्हणतात, "दोन समाजांचे वैर पूर्वीपासूनचेच असेल, तर आज ना उद्या भांडण होणारच." मी त्यांना नाही म्हणते, पण पटवून देता येत नाही. काय सांगावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण मुलांपुढे प्रथम नकाशा ठेवावा. जुने वैर हेच हिंसेचे कारण असते, तर दोन्ही समाज जेथे जेथे एकत्र राहतात तेथे तेथे ती कमीअधिक सारखीच झाली असती. प्रत्यक्षात तसे घडलेले नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातील हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद तपासली, तेव्हा असे दिसले की एकूण मृत्यूंपैकी सुमारे 46 टक्के मृत्यू मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, मेरठ, अलीगढ यांसारख्या अवघ्या आठ शहरांत झाले होते आणि देशाच्या शहरी लोकसंख्येपैकी सुमारे 18 टक्के लोकच त्या शहरांत राहत होते. खेड्यांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तर 4 टक्क्यांहूनही कमी होते. इतिहास सर्वांचा सारखा, धर्म तेच, सणवार तेच. तरीही काही शहरे पुन्हा पुन्हा पेटली आणि बहुतेक पेटली नाहीत. मुलांनी या फरकाचे कारण शोधायला हवे.

वार्ष्णेय यांनी अलीगढची तुलना केरळातील कोझिकोडशी केली. मुसलमानांचे लोकसंख्येतील प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे आहे, आणि तणावाचे प्रसंग, अफवा, प्रक्षोभक भाषणे कोझिकोडलाही चुकलेली नाहीत. परंतु तेथे व्यापाऱ्यांचे संघ, कामगार संघटना, वाचनालये आणि मंडळे अशी आहेत की ज्यांचे सभासद दोन्ही समाजांचे आहेत, आणि दंगल झाली तर त्या संस्थांचे कामकाजच बंद पडेल या जाणिवेने ही माणसे तणावाच्या रात्री एकत्र बसतात. अलीगढमध्ये असे संघटित संबंध फार थोडे होते. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ एकमेकांच्या घरी जाणे ही सुंदर गोष्ट आहे. ज्या खेड्यात सर्वजण सर्वांना ओळखतात तेथे तेवढ्यावर बरेच निभावतेही. मोठ्या शहरात मात्र ओळख आपल्या गल्लीपुरतीच असते आणि जमाव दुसऱ्या गल्लीतून येतो. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर डिसेंबर 1992 मध्ये सुरतच्या जुन्या शहरात व्यापारउदिमाने एकमेकांत गुंतलेले लोक बहुतांशी शांत राहिले, तर बाहेरगावच्या कामगारांनी भरलेल्या आणि अशी कोणतीही संघटित वीण नसलेल्या नव्या वस्त्यांत भीषण हिंसाचार झाला.

दुसरी गोष्ट अशी की दंगलीला आरंभ असतो आणि तो दगड पडण्याच्या कितीतरी आधीचा असतो. मे 1970 मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे झालेल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. भिवंडीत ठिणगी पडली ती शिवजयंतीच्या मिरवणुकीत. परंतु आयोगाने मागे जाऊन पाहिले, तेव्हा मिरवणुकीच्या मार्गावरून आणि मशिदीसमोरील घोषणा व गुलाल यांवरून काही वर्षे चालत आलेला वाद, दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या संघटना, त्यांची भाषणे आणि त्या दिवशी झेंडे बांधून आणलेल्या लाठ्या, अशी सलग साखळीच समोर आली. पुढे पोलिसांच्या विशेष पथकाने केलेला तपास पक्षपाती होता, असाही ठपका आयोगाने ठेवला. ही साखळी आपण फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक कडीपाशी मुलांना विचारावे की येथे कोणी काय केले असते तर पुढची कडी जुळली नसती. "होणारच" हा शब्द किती अपुरा आहे हे त्यांना स्वतःहून उमगेल.

प्रश्न : माझे लहानपण भिवंडीत गेले. 1984 ची दंगल मी पाहिली आहे. मग 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत कशी राहिली? घरातील मोठी माणसे "खोपडेसाहेबांमुळे" एवढेच म्हणत. त्यांनी नेमके काय केले होते?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून शिकलेला हा मोलाचा धडा आहे आणि तो आपण पुरेसा जपलेला नाही, असे मला मनापासून वाटते.

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर आहे. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मूळचे कोकणी मुसलमान, आगरी आणि कुणबी, सुताचा व्यापार करणारे मारवाडी आणि गुजराती अशा सर्वांच्या हातांतून गेल्याशिवाय येथे कापडाचा तागा तयार होत नाही. "धंद्यात एकमेकांवर अवलंबून असलेले लोक भांडत नाहीत" असे आपण सहज म्हणतो. भिवंडी 1970 मध्ये आणि पुन्हा मे 1984 मध्ये पेटली, तेव्हाही हे अवलंबन होतेच. त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही, हे या शहराने फार मोठी किंमत मोजून दाखवून दिले आहे.

सुरेश खोपडे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. परंतु त्यांची बैठक तणाव निर्माण झाल्यावर बोलावली जाई आणि तिला प्रतिष्ठित मंडळी, राजकीय पुढारी व धर्माचे प्रतिनिधी येत. दंगलीच्या वेळी रस्त्यावर उतरणाऱ्या किंवा तिच्यात भरडल्या जाणाऱ्या माणसाशी त्यांचा रोजचा संबंध नसे. खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. त्यांची संख्या सुमारे 70 होती. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान सभासद बरोबरीने असत, आणि त्यांत मागावर काम करणारे, रिक्षाचालक, फेरीवाले, लहान दुकानदार असे सामान्य लोक घेतले जात. पोलीस शिपायालाही या रचनेत जबाबदारीचे स्थान होते. बैठका नियमितपणे भरत, तणाव असो वा नसो. बहुतेक वेळा बोलणे व्हायचे ते पाणी, गटारे, वीज, नळावरची भांडणे आणि गल्लीतील गुंडाचा त्रास यांविषयी.

समित्यांची ताकद या साध्या विषयांतच होती, असे मी मानतो. ज्याच्याबरोबर आपण चार महिने नळाच्या वेळेसाठी खटपट केलेली असते, त्याला रात्री अकरा वाजता "तुमच्या गल्लीत खरेच काही झाले आहे का?" असे विचारता येते आणि त्याच्या उत्तरावर विश्वासही ठेवता येतो. ओळख झालेला शिपाई आला म्हणजे लोक दारे लावून घेत नाहीत. शिपायालाही ती वस्ती एखाद्या धर्माची वस्ती म्हणून न दिसता तेथील माणसांच्या चेहऱ्यांनी दिसू लागते. 6 डिसेंबर 1992 नंतर गुलाबराव पोळ तेथे पोलीस उपायुक्त असताना ही घडी कामी आली. अफवा त्याच दिवशी पडताळल्या गेल्या, लोक आपापल्या वस्तीत उभे राहिले आणि भिवंडीत दंगल झाली नाही. 1984 चे नुकसान न विसरलेले व्यापारी आणि मागवाले यांनाही पुन्हा ती वेळ नको होती, हेही खरे आहे; परंतु ती इच्छा 1992 मध्ये कृतीत उतरू शकली, कारण कोणाकडे जायचे आणि कोठे बसायचे हे आधीच ठरलेले होते.

हा प्रयोग पाहून 1993 नंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिच्यामागे निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांचे परिश्रम होते. पोलीस आणि वस्तीतील तरुण यांचे एकत्र क्रिकेटचे सामने तेव्हापासूनचे.

मात्र अशी घडी एकदा बसली म्हणजे कायमची टिकते, असे नाही. जुलै 2006 मध्ये भिवंडीतच कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून उद्रेक झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मरण पावले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. वाद दोन समाजांत नव्हता, तो एक समाज आणि पोलीस यांच्यात होता. एका जागेचा हा प्रश्न आधीच बसून सुटायला हवा होता. एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की त्याचे काम मागे पडते, ही आपल्याकडची जुनी उणीव आहे. समितीचे काम पोलीस ठाण्याच्या नित्याच्या कामात धरले गेले आणि त्याची वर्षाकाठी तपासणी झाली, तरच ते पुढच्या अधिकाऱ्याच्या काळातही टिकेल.

प्रश्न : मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचा सभासद आहे. एका दलित कुटुंबाच्या मुलाची वरात मंदिरासमोरून जाऊ दिली नाही आणि शिवीगाळ झाली. कुटुंब तक्रार द्यायला निघाले आहे. गावाची शांतता बिघडू नये म्हणून समितीने समजूत घालावी, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. माझे मन कचरते. योग्य काय?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपले मन कचरते ते योग्यच आहे. आपण या कुटुंबाला तक्रार मागे घ्यायला सांगू नये, आणि समितीलाही तसे करू देऊ नये.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. बांधाचे वाद, वाटणीचे वाद, किरकोळ मारहाण यांत पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि त्याच धुमसत्या वादांतून पुढे रक्तपात होतो, हा त्यामागचा विचार अगदी योग्य होता. अनेक गावांत समित्यांनी बांधावर उभे राहून मोजणी करून दिली आणि भावाभावांना कोर्टातून बाहेर काढले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु समितीचे क्षेत्र कायद्याने तडजोडीस योग्य ठरवलेल्या वादांपुरते आहे. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा 1989 चा आहे आणि त्याखालील गुन्हा गावाने बसून मिटवण्याचा विषय नाही.

कायद्यापलीकडेही एक कारण आहे. बांधाच्या वादात दोन्ही बाजू थोडे सोडतात आणि दोघांचा मान राहतो. येथे सोडायचे ते एकाच बाजूने, आणि जे सोडायचे तो माणूस म्हणून असलेला हक्क. अशा तडजोडीने गाव शांत दिसते. ज्याने अडवले त्याला मात्र आपण पुन्हा अडवू शकतो हे कळते, आणि ज्याला अडवले त्याला आपल्या मागे कोणी नाही हे कळते. खैरलांजीच्या घटनेत 29 सप्टेंबर 2006 रोजी एका दलित कुटुंबातील चौघांना जमावाने ठार केले, त्याच्या आधी जमिनीचा आणि वाटेचा वाद होता, एका नातेवाइकाला झालेली मारहाण होती, त्या प्रकरणात दिलेली साक्ष होती, आणि आरोपी जामिनावर सुटले तो दिवसही तोच होता. इतक्या खुणा समोर असताना त्या कुटुंबाला संरक्षण मिळाले नाही.

मराठवाड्यात 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाल्यानंतर खेडोपाडी दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांचे कारणही केवळ एका नावात नव्हते. मुले शिकू लागली होती, गावकीची कामे नाकारली जात होती, आणि ज्यांना तो बदल सोसवत नव्हता त्यांना नामांतर हे निमित्त मिळाले. गरिबीने दंगली होतात असे वारंवार म्हटले जाते. परंतु माझ्या वाचनात आणि पाहण्यात ज्या घटना आल्या, त्यांत खालचा मानलेला माणूस बरोबरीने चालू लागला म्हणून झालेली हिंसा पुष्कळ आहे. आपल्या गावातील वरात त्याच प्रकारची घटना आहे.

आता समितीने करण्याजोगे काय आहे? कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जावे. तक्रारीमुळे किराणा, दळण, पाणी किंवा मजुरी बंद केली गेली, तर ते स्वतंत्रपणे लेखी कळवावे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे आणि 1989 च्या कायद्यातही 2015 च्या दुरुस्तीनंतर बहिष्कार हा गुन्हा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीला पत्र द्यावे. आणि पुढच्या लग्नसराईत त्या रस्त्याने जाणाऱ्या वरातीबरोबर समितीच्या सभासदांनी स्वतः चालावे. तंटामुक्त गावाचा पुरस्कार हुकला तर हुकू द्यावा.

प्रश्न : आमच्या भागात मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश मोबाइलवर पुन्हा फिरू लागले आहेत. वडीलधाऱ्यांना कसे समजवावे? ते म्हणतात, "खबरदारी घेतली तर बिघडले कुठे?"
— एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण त्यांना शांतपणे सांगावे. साक्री तालुक्यातील राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. पोट भरण्यासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. मुले पळवल्याचा कोणताही प्रकार घडलेला नव्हता. जमावातील अनेकांना आपण खबरदारीच घेत आहोत असे वाटत होते. त्याच दिवशी मालेगावातही याच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. तेथे पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढले.

अशा अफवांना बळी पडतात ते बहुतेक वेळा भटके, परप्रांतीय, वेगळ्या बोलीचे, म्हणजे ज्यांच्यासाठी "हा आमचा आहे" असे म्हणणारे कोणी जवळ नसते असे लोक. म्हणून संदेश खोटा आहे असे घरात सांगण्याबरोबरच, भटक्या समाजांची जी कुटुंबे दरवर्षी आपल्या गावात येतात, त्यांची नोंद ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे व्हावी, त्यांच्या येण्याचे दिवस गावाला माहीत असावेत, यासाठी आपण प्रयत्न करावेत. संदेश एका वेळी पाच व्यक्ती किंवा गटांपलीकडे पुढे पाठवता येऊ नये अशी मर्यादा व्हॉट्सअॅपने त्याच जुलै महिन्यात भारतात आणली. तिचा उपयोग आहे, परंतु पारावर बोललेल्या शब्दाला ती लागू होत नाही. पारावर एकाने तरी मोठ्याने "कोणाचे मूल हरवले? नाव सांगा" असे विचारावे लागते. ते काम आपल्या वडीलधाऱ्यांचे आहे, आणि त्यांना तशी विनंती करावी. मुलीने केलेली ही विनंती वडील मंडळी सहसा मोडत नाहीत.

प्रश्न : जानेवारी 1993 मध्ये माझे दुकान जळाले. ज्यांनी जाळले त्यांना मी ओळखत होतो. मुलाला मी हे कधी सांगितलेले नाही. जुन्या गोष्टी उकरून काढण्यापेक्षा विसरलेले बरे, असे मला वाटते. आपले मत काय?
— एक ज्येष्ठ वाचक, मुंबई

उत्तर : आपल्यावर जे गुजरले ते विसरायचे की सांगायचे, हे ठरवण्याचा अधिकार केवळ आपला आहे, आणि आपण गप्प राहिलात म्हणून कोणी आपल्याला दोष देऊ शकत नाही. आपण मत विचारले म्हणूनच लिहितो.

विसरण्याची गोष्ट मनाला दिलासा देणारी असली, तरी समाज म्हणून आपण त्या घटनेचा निकाल लावून मग ती विसरलेलो नाही. निकाल न लावताच तिला बाजूला सारले आहे. 1992-93 च्या मुंबईतील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यूंची नोंद केली. त्यांत 575 मुसलमान, 275 हिंदू, 45 ओळख न पटलेले आणि 5 इतर होते. त्यांपैकी 356 जण पोलिसांच्या गोळीबारात, तर 347 जण भोसकले गेल्याने मरण पावले. जानेवारी 1996 मध्ये सरकारने हा आयोगच गुंडाळला होता. त्याच वर्षी तो पुन्हा नेमला गेला आणि त्याचा अहवाल 1998 मध्ये सादर झाला. आयोगाने ज्यांच्यावर बोट ठेवले त्यांच्यापैकी फारच थोड्यांना शिक्षा झाली. बेपत्ता झालेल्यांच्या वारसांना शोधून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2022 मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी, सांगावे लागले. ज्याने दुकान जाळले त्याला काही झाले नाही, हे त्याच्या मुलालाही माहीत असते. पुढच्या वेळी हात उचलताना ती माहिती त्या मुलाजवळ असेल आणि आपल्या मुलाजवळ मात्र काहीच नसेल, याची मला काळजी वाटते.

आपल्याला सांगावेसे वाटले, तर स्वतःच्या आठवणीपासूनच सुरुवात करायला हवी असे नाही. आयोगाच्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात मुंबईतील घटनांचा वृत्तांत पोलीस ठाण्यांच्या हद्दीनुसार दिलेला आहे. आपल्या दुकानाची हद्द ज्या ठाण्यात येत होती, तेवढीच पाने आपण आणि मुलाने एकत्र वाचावीत. तेथे तारखा आहेत, रस्त्यांची नावे आहेत, जे चुकले ते लिहिलेले आहे. मुलगा प्रश्न विचारेल, तेवढ्याचीच उत्तरे त्या दिवशी द्यावीत, आणि उरलेले पुन्हा कधीतरी.